मानेतील केज : पीकचा की टायटॅनियमचा?

प्रश्न : माझे वय ५७ वर्षे आहे. गेली दोन वर्षे मान दुखते आणि उजव्या हाताला अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येतात. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधील गाद्या मागे सरकून मज्जारज्जूला टेकल्याचे दिसले. मी दोन सर्जनना भेटले. गळ्याच्या बाजूने शस्त्रक्रिया करून हे मणके जोडावे लागतील, यावर दोघांचे एकमत आहे. मात्र एकांनी पीक नावाच्या प्लॅस्टिकचे केज, म्हणजे गादीच्या जागी बसवायची छोटी चौकट, आणि त्यावर टायटॅनियमची प्लेट सुचवली, तर दुसऱ्यांनी थ्रीडी प्रिंटेड टायटॅनियमचे केज सुचवले. त्यांत स्क्रू केजमधूनच जातात आणि प्लेट लागत नाही. ओळखीच्या एका गृहस्थांना दात्याच्या हाडाचा तुकडा बसवला आहे. नात्यातील एकजण म्हणतात की मणके जोडूच नका, कृत्रिम गादी बसवून घ्या. मला खोट्या दागिन्यांनी अंगावर पुरळ उठते, त्यामुळे धातूची भीती वाटते. हल्ली बटणे लावताना बोटे अडखळतात आणि अक्षरही बिघडले आहे, पण ते वयामुळे असावे. तीन महिने झाले, निर्णय होत नाही. आयुष्यभर टिकेल असा सर्वांत चांगला इम्प्लांट कोणता?

उत्तर : आपल्या पत्रातील बहुतेक मजकूर केज आणि प्लेट यांविषयी आहे आणि त्याचे उत्तर मी सविस्तर देणार आहे, परंतु आधी आपण जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी थांबणे मला भाग आहे. बटणे लावताना बोटे अडखळणे आणि अक्षर बिघडणे या गोष्टी वयाच्या खात्यावर टाकून चालणार नाही. मानेतून हाताकडे जाणारी एखादी नस दबली तर हात दुखतो, मुंग्या येतात, एखाद्या स्नायूचा जोर कमी होतो. बोटांचे बारीक कामाचे कसब जाऊ लागते तेव्हा मात्र खुद्द मज्जारज्जूच दाबला जात असल्याची शंका घ्यावी लागते, आणि आपल्या एमआरआयचा अहवाल त्या शंकेला दुजोरा देणारा आहे. आम्ही तपासताना रुग्णाला दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडायला सांगतो. निरोगी माणसाला हे साधारण २० वेळा जमते. मज्जारज्जू दबलेल्या माणसाची बोटे त्याआधीच मंदावतात, आणि उघडताना करंगळीकडची बोटे मागे रेंगाळतात.

मज्जारज्जूवरील दाबाचा आजार बऱ्याच रुग्णांमध्ये पायरीपायरीने वाढतो. काही महिने काहीच बदलत नाही आणि मग एकदम एक पायरी खाली उतरलेली लक्षात येते. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू ही घसरण थांबवणे हा असतो. गेलेले कसब पुष्कळदा बऱ्याच अंशी परत येते, पण पूर्ण परत येईलच असे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, आणि दाब जितका जुना तितकी ती आशा कमी. म्हणून इम्प्लांटची निवड होत नाही एवढ्याच कारणाने गेलेले आपले तीन महिने मला काळजीचे वाटतात. दोन्ही सर्जनना ही दोन लक्षणे माहीत आहेत का, हे पत्रावरून कळत नाही. नसतील तर ती याच आठवड्यात सांगा. चालताना तोल जाणे, पाय जड होऊन अडखळणे किंवा लघवीवरील ताबा बदलणे, यांपैकी काही जाणवले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आता इम्प्लांटकडे वळू. या शस्त्रक्रियेत सरकलेली गादी पूर्ण काढून मज्जारज्जू आणि नसा मोकळ्या करतात, आणि आपला त्रास कमी होणार असतो तो मुख्यतः या कामामुळे. गादी काढल्यावर दोन मणक्यांमध्ये जी पोकळी राहते ती तशीच सोडली तर मणके एकमेकांवर बसतात, नसांची वाट पुन्हा अरुंद होते आणि मान पुढे वाकते. म्हणून त्या पोकळीत केज बसवतात. केज म्हणजे मधून पोकळ असलेली, बोटाच्या पेरात मावेल एवढी छोटी चौकट. ती मणक्यांमधील उंची राखते आणि तिच्या पोटात भरलेल्या हाडाच्या चुऱ्यातून वरचा व खालचा मणका हळूहळू एक होतो. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यात आहे : मणके जोडण्याचे काम हाड करते, केज त्याला तोवर आधार देतो. स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी, तसेच क्लोवर्ड यांनी १९५८ मध्ये पुढून करायच्या या शस्त्रक्रियेच्या पद्धती प्रसिद्ध केल्या, तेव्हा केजही नव्हता आणि प्लेटही नव्हती. रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मणक्यांमध्ये बसवत असत, आणि त्यावर असंख्य माणसांची मणक्यांची जोडणी उत्तम झाली.

‘आयुष्यभर टिकणारा इम्प्लांट’ ही कल्पनाही त्यामुळे थोडी बदलावी लागते. धातू आणि हाड यांच्यात एक शर्यत असते. हाड वेळेत जुळले की प्लेट आणि स्क्रू यांच्यावरचा भार उतरतो आणि ते नुसते जागेवर पडून राहतात; हाड जुळलेच नाही तर मानेच्या रोजच्या हालचालींनी कितीही भारी स्क्रू एक दिवस सैल होतो किंवा थकून तुटतो. माझ्या एका रुग्णाच्या प्लेटचा एक स्क्रू तुटलेला आम्हाला तीन वर्षांनी, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये दिसला. मणके पक्के जुळलेले होते आणि त्यांना कसलीही तक्रार नव्हती. त्याउलट दुसऱ्या एका रुग्णाची प्लेट एक्स-रेमध्ये अगदी सरळ, एकही स्क्रू वाकडा नाही, आणि मान मात्र दुखायची थांबेना. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक स्क्रूभोवती केसाएवढी काळी कडा दिसली. हाड जुळले नव्हते आणि स्क्रू आपल्याच भोकात हलत होते. दोघांनाही एकाच प्रकारचा इम्प्लांट बसवलेला होता.

हे समजून घेतल्यावर पीक आणि टायटॅनियम यांची तुलना करणे सोपे जाते. पीक म्हणजे पॉलीइथरइथरकीटोन, एक अतिशय टणक आणि शरीराला न खुपणारे प्लॅस्टिक. पदार्थाचा ताठपणा ज्या एककात मोजतात त्या गिगापास्कलमध्ये सांगायचे तर पीकचा ताठपणा ३ ते ४, मणक्याच्या बाहेरच्या टणक हाडाचा ढोबळमानाने १२ ते २०, आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सुमारे ११० असतो. केज हाडापेक्षा फार ताठ असेल तर तो मणक्याच्या पृष्ठभागात रुतण्याची शक्यता वाढते, आणि हाडाच्या चुऱ्यावर पुरेसा दाब न आल्याने जोडणी मंदावते, हा पीकच्या बाजूचा मूळ युक्तिवाद आहे. त्याहून व्यवहारात उपयोगी पडणारा गुण म्हणजे पीक क्ष-किरणांना अडवत नाही. सीटी स्कॅनमध्ये केजच्या जागी काळी चौकट आणि तिची जागा कळावी म्हणून ठेवलेले टँटलमचे दोन-तीन पांढरे ठिपके दिसतात, आणि त्या चौकटीच्या मधून वरपासून खालपर्यंत सलग पांढरे हाड उतरले आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहता येते. पीकचा दोष असा की हाड त्याला चिकटत नाही. केजच्या पृष्ठभागालगत पुष्कळदा तंतूंचा पातळ थर तयार होतो आणि जोडणी सारी मधल्या पोकळीतील हाडावर अवलंबून राहते. यावर उपाय म्हणून काही पीक केजवर टायटॅनियमचा लेप देतात.

टायटॅनियमचे नेमके उलटे आहे. त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर हाड थेट वाढते आणि पकड घेते, पण जुन्या पद्धतीचे भरीव केज ताठ असत, काहीसे अधिक रुतत आणि स्कॅनमध्ये इतके चकाकत की आत हाड जुळले की नाही, हे सांगणे अवघड होई. आपल्याला सुचवलेला थ्रीडी प्रिंटेड केज हा या दोषांवरचा उतारा आहे. धातूची भुकटी थराथराने वितळवून तो बनवतात, आणि त्यात काही शे मायक्रॉन आकाराची, एकमेकांना जोडलेली छिद्रे ठेवतात. धातू तोच असला तरी जाळीदार रचनेमुळे संपूर्ण केजचा ताठपणा पुष्कळ कमी करता येतो आणि हाडाला त्या छिद्रांत शिरायला जागा मिळते. ही कल्पना मला मनापासून पटते आणि आतापर्यंतचे अनुभवही चांगले आहेत. मात्र पीक किंवा साध्या हाडाच्या तुकड्याइतका दीर्घकाळचा अनुभव या केजच्या पाठीशी अजून जमलेला नाही, हेही तितकेच खरे आहे. पीक आणि टायटॅनियम यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत हात व मान यांच्या दुखण्यातील आराम, रोजची कामे करण्याची क्षमता या, रुग्णाच्या दृष्टीने खऱ्या महत्त्वाच्या, गोष्टींत फारसा फरक आढळत नाही. फरक आढळतो तो स्कॅनमध्ये, आणि स्कॅनमध्ये केज दोन-तीन मिलिमीटर रुतलेला दिसला म्हणून माणसाला त्रास होतोच असे नाही.

केज रुतण्याचे कारण अनेकदा पदार्थात नसून त्याखालच्या पृष्ठभागात असते. गादी काढल्यावर मणक्याच्या पृष्ठभागावर कूर्चेचा एक गुळगुळीत थर राहतो. तो छोट्या खुरपणीसारख्या उपकरणाने खरवडून काढायचा असतो, खालच्या टणक हाडावर रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसेपर्यंत. तिथे थांबायचे. कमी खरवडले तर हाड जुळत नाही, जास्त खरवडले तर टणक कवच जाऊन आतले जाळीदार हाड उघडे पडते आणि कोणताही केज त्यात बसत जातो. गरजेपेक्षा उंच केज ठोकून बसवला तरी हेच होते. हे सर्जनच्या हातात असते आणि कोणत्याही इम्प्लांटच्या माहितीपत्रकात छापलेले नसते.

आपल्या बाबतीत पदार्थापेक्षा मोठा प्रश्न प्लेट असावी की नसावी हा आहे, आणि दोन सर्जनच्या सल्ल्यांतील खरा फरकही तिथेच आहे. एकाच जागी जोडणी करायची असेल तर प्लेट असो वा नसो, बहुतेकांचे हाड जुळते. दोन किंवा अधिक जागी जोडणी करायची असते तेव्हा प्रत्येक सांध्याला जुळावे लागते आणि हलण्याच्या जागा वाढतात. अशा वेळी प्लेटमुळे हाड जुळण्याचे प्रमाण सुधारते, केज कमी रुततात आणि मानेचा नैसर्गिक बाक जास्त चांगला राहतो. त्याची किंमत अशी की प्लेट मणक्यांच्या पुढे, अन्ननलिकेच्या अगदी मागे बसते. गिळताना अडकल्यासारखे वाटणे हा त्रास या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत अनेकांना होतो आणि बहुतेकांचा तो दोन-तीन महिन्यांत निवळतो; प्लेट नसलेल्या, मणक्याच्या आतच सामावणाऱ्या केजमध्ये तो काहीसा कमी आढळतो, असे बऱ्याच अभ्यासांनी दाखवले आहे. प्लेटचे टोक शेजारच्या निरोगी गादीच्या फार जवळ आले तर तिथे नको असलेले हाड वाढते, म्हणून ते किमान ५ मिलिमीटर दूर ठेवायचे असते. म्हणजेच प्लेट जाड आहे की पातळ, आखूड आहे की लांब, ती कुठे बसवली, यानेही बराच फरक पडतो.

माझे मत विचाराल तर दोन जागी जोडणी करायची, वय ५७, आणि हाडांची घनता तपासलेली नाही, एवढ्या माहितीवर माझा कल प्लेटकडे झुकतो. हाडांची घनता चांगली निघाली आणि मानेचा बाक शाबूत असला तर प्लेटविना केजही योग्य ठरतो, आणि गिळण्याचा त्रास आधीपासून असेल तर त्याचे पारडे जड होते. म्हणून निर्णयापूर्वी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी या दोन गोष्टी करून घ्या. रजोनिवृत्तीनंतरच्या वयात त्या न पाहता मणक्यात स्क्रू बसवणे मला योग्य वाटत नाही. मात्र आपल्या बोटांची अवस्था पाहता या तपासण्या काही दिवसांतच उरकायच्या आहेत, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया लांबवायची नाही. आपला पेशा आवाजावर अवलंबून असेल किंवा थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली असेल तर तेही सर्जनना सांगा, कारण स्वरयंत्राकडे जाणारी नस याच वाटेवर असते.

ओळखीच्या गृहस्थांना बसवलेला दात्याच्या हाडाचा तुकडा हा जुना आणि विश्वासाचा पर्याय आहे. तो तपासून, प्रक्रिया करून, यंत्रावर आकार देऊन येतो, आणि त्यातून रोग पसरण्याचा धोका अत्यल्प असतो. तो कालांतराने अंशतः विरघळून आपल्या हाडाने व्यापला जातो. या काळात कधी कधी तो चेपतो, म्हणून दोन जागी तो वापरायचा तर सोबत प्लेट घेणे बरे. स्वतःच्या कमरेचे हाड जुळण्याच्या बाबतीत आजही सरस आहे, पण काढलेल्या जागी होणारे दुखणे, कधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला राहणारी बधिरता, यांमुळे केज उपलब्ध असताना ते पूर्वीइतके वापरले जात नाही. केजमध्ये काय भरणार, हे मात्र जरूर विचारा. हाड वाढवणारे बीएमपी नावाचे प्रथिन मानेत पुढच्या बाजूने वापरल्यावर गळा धोकादायक रीतीने सुजून श्वासाला अडथळा झाल्याच्या घटना घडल्या होत्या आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, जुलै २००८ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

कृत्रिम गादीबद्दल आपल्या नातेवाइकांनी सांगितले ते काही रुग्णांसाठी बरोबर आहे. मणके जोडल्यावर वरच्या-खालच्या गाद्यांवर ताण वाढतो असे मानतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७४ रुग्णांच्या अभ्यासात शेजारच्या जागी नवा, त्रासदायक आजार होण्याचे प्रमाण दरवर्षी सुमारे २.९ टक्के आढळले. पण त्याच अभ्यासात अधिक जागी जोडणी केलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त नव्हे तर कमी निघाले, म्हणजे शेजारची गादी झिजण्यात तिच्या स्वतःच्या आजाराचाही वाटा असतो. कृत्रिम गादी हालचाल राखते, त्यामुळे मागचे लहान सांधे निरोगी, हाडे मजबूत आणि मानेचा बाक ठीक असेल तरच ती योग्य. मागचे सांधे झिजलेले असतील, गादी चेपून हालचाल मुळातच गेलेली असेल, किंवा हाडे ठिसूळ असतील तर ती बसवू नये. आपल्या एमआरआयसोबत मान वाकवून काढलेले एक्स-रे पाहिल्याशिवाय याचे उत्तर देता येणार नाही. सर्जननी तो पर्याय का सुचवला नाही, हे त्यांना सरळ विचारावे.

धातूच्या भीतीबद्दल बोलायचे तर खोट्या दागिन्यांनी उठणारे पुरळ बहुधा निकेलमुळे असते. मणक्यात वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूत सुमारे ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. निकेल घटक म्हणून घातलेले नसते. खुद्द टायटॅनियमची ॲलर्जी फार क्वचित आढळते. शिवाय पीकचे केज घेतले म्हणून आपण धातू टाळला असे होत नाही, कारण पहिल्या सर्जननी सांगितलेली प्लेट आणि स्क्रू टायटॅनियमचेच आहेत. काही कृत्रिम गाद्यांमध्ये कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू असतो आणि त्यात निकेलचा थोडा अंश असू शकतो, म्हणून तो पर्याय पुढे आला तर पुरळाची गोष्ट आवर्जून सांगा. टायटॅनियम बसवल्यावर एमआरआय करता येतो. फक्त धातूलगतचे चित्र थोडे बिघडते. इम्प्लांटचे कार्ड जपून ठेवा आणि दर वेळी दाखवा.

हाड जुळण्याच्या शर्यतीत आपल्या हातात जे आहे त्यात पहिला क्रमांक तंबाखूचा. धूम्रपान असो वा चघळण्याची तंबाखू, निकोटीन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसवते आणि नवे हाड उपाशी राहते. सवय असेल तर ती आजच थांबवावी आणि शस्त्रक्रियेनंतर निदान हाड जुळेपर्यंत परतू देऊ नये. मधुमेह असल्यास साखर ताब्यात आणून घ्या. सूज उतरवणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास हाड जुळण्यात अडथळा येऊ शकतो, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर कोणत्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे सर्जनकडून लिहून घ्यावे. हाड जुळायला साधारण तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागतो. तपासणीत मान पुढे व मागे वाकवून एक्स-रे काढतात, आणि जोडलेल्या मणक्यांच्या मागच्या टोकांमधील अंतर १ मिलिमीटरहून कमी बदलले तर जोडणी झाली असे मानतात. शंका उरली तर सीटी स्कॅन करतात.

सर्जनशी बोलताना ‘यातला सर्वांत चांगला कोणता?’ असे न विचारता, ‘माझ्या हाडांची घनता आणि मानेचा बाक पाहता हाच इम्प्लांट का, आणि आपण तो किती वर्षे वापरत आहात?’ असे विचारा. एका सर्जनला दुसऱ्याने सुचवलेला इम्प्लांट वापरण्याचा आग्रह मात्र करू नका. ज्या हातांना जो केज रोजचा आहे, त्या हातांत तोच अधिक सुरक्षित असतो. दोघांपैकी ज्यांच्याकडे जाल, त्यांना भेटीच्या सुरुवातीलाच बटणांचे आणि अक्षराचे सांगा, आणि वर्षभरापूर्वीची आपली सही असलेला एखादा कागद आजच्या सहीसोबत त्यांच्यासमोर ठेवा.